रोबो काढतो जिवाणूंची रांगोळी

टेबलावर मावेल एवढे एक यंत्र. त्यात रुळांवर मागेपुढे, डावी-उजवीकडे सरकणारा एक हात आणि त्या हाताला लावलेली पिपेट. खाली एका गोल, उथळ बशीत जेलीसारखा घट्ट थर. हात एका नळीतून किंचित द्रव उचलतो, बशीवर येतो, एक ठिपका ठेवतो, जरा सरकतो आणि दुसरा ठिपका ठेवतो. असे शंभर, दोनशे, पाचशे ठिपके. काम संपते तेव्हा बशीत जवळजवळ काहीच दिसत नाही. झाकण लावून बशी रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी तिच्यात चित्र उमटलेले असते. कधी फूल, कधी फुलपाखरू, कधी कुणाचा चेहरा.

त्या द्रवात रंग नव्हता, जिवंत जिवाणू होते. रात्रभरात ते वाढले आणि जिथे जिथे ठिपका पडला तिथे त्यांची वसाहत तयार झाली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 'हाऊ टू ग्रो ऑलमोस्ट एनिथिंग' नावाचा अभ्यासक्रम चालतो. त्यातल्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतला रोबो हाताळायला शिकवताना पहिला धडा म्हणून असे चित्र काढायला लावतात.

चामोर्शीच्या वाचकाला याचे काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. माझ्यासारख्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरला रोज एक प्रश्न सोडवावा लागतो: समोरच्या रुग्णाला नेमके कोणते प्रतिजैविक लागू पडेल? त्याचे खात्रीचे उत्तर अशाच एका बशीत मिळते. म्हणून या रांगोळीकडे जरा नीट पाहू.

बशी, चायना ग्रास आणि पेरणी

जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, पण एका जागी कोट्यवधी जमले की ठिपका दिसतो. त्यासाठी त्यांना अन्न, ओल आणि ऊब लागते. दह्याला विरजण लावून भांडे रात्री उबदार जागी ठेवतो, तसाच हा प्रकार. आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू सगळे अनुकूल असेल तर साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. कागदावर हिशेब केला तर एका जिवाणूचे 10 तासांत 107 कोटींहून जास्त होतात. प्रत्यक्षात अन्न आणि जागा संपते, म्हणून वाढ थांबते. पण संध्याकाळी रिकामी दिसणारी बशी सकाळी भरलेली का असते, हे त्यावरून कळावे.

बशीतला घट्ट थर अगारचा असतो. अगार समुद्री शेवाळापासून बनते. किराणा दुकानात 'चायना ग्रास' म्हणून मिळते आणि घरोघरी त्याचे पुडिंग होते, तोच हा पदार्थ. 1881 साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेस काम करत होते. तेव्हा जिवाणू जिलेटिनवर वाढवत असत, पण ते उबेत वितळायचे आणि काही जिवाणू ते खाऊनही टाकायचे. हेस यांच्या पत्नी फॅनी यांनी स्वयंपाकघरातले अगार वापरून पाहा, असे सुचवले आणि अडचण सुटली. आपल्याकडच्या मे महिन्यात जिलेटिनचे काय झाले असते, ते सांगायला नको. पुढे 1887 मध्ये ज्युलियस पेट्री यांनी झाकणाची उथळ बशी आणली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या थरावर जिवाणू सोडण्याला पेरणी म्हणता येईल. धानाच्या रोवणीत पऱ्हे दाटीवाटीने लावले तर वाढत नाहीत आणि फार विरळ लावले तर बांधी वाया जाते. इथेही तसेच आहे. ठिपके फार जवळ पडले तर वाढून एकमेकांत मिसळतात आणि चित्राचा लगदा होतो. फार लांब पडले तर आकार जुळत नाही.

रोबो नेमके काय करतो

दिवाळीत अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढताना आधी ठिपके मोजून मांडतात. रोबोलाही तेच सांगावे लागते: बशीच्या मध्यापासून उजवीकडे इतके मिलिमीटर, वर इतके मिलिमीटर, तिथे हिरव्याचा एक ठिपका. चित्र म्हणजे अशा सूचनांची लांबलचक यादी. न्यूयॉर्कच्या ओपनट्रॉन्स कंपनीचा रोबो या कामासाठी बराच वापरला जातो. त्याला पायथन या संगणकीय भाषेत सूचना देतात. ही भाषा आज आपल्याकडच्या महाविद्यालयांतही शिकवली जाते.

ठिपका किती छोटा? सलाईनच्या साध्या नळीतून पडणाऱ्या 20 थेंबांचा 1 मिलिलीटर होतो. रोबो एका ठिपक्याला 1 मायक्रोलीटर द्रव ठेवू शकतो, म्हणजे सलाईनच्या एका थेंबाचा पन्नासावा भाग. तोही शंभर वेळा, दर वेळी जवळपास तेवढाच आणि ठरल्या जागी. माणसाचा हात पहिले वीस ठिपके नीट ठेवेल. दोनशेव्या ठिपक्याला मान आखडते, लक्ष ढळते.

तरीही यंत्र म्हणजे जादू नव्हे. पिपेटचे टोक अगारपासून किंचित वर थांबले पाहिजे. ते खाली गेले तर थर फाटतो आणि वर राहिले तर थेंब टोकालाच लटकतो. अगार ओतताना बशी थोडी कलती असेल तर एका बाजूचे ठिपके बरोबर आणि दुसऱ्या बाजूचे चुकीचे पडतात. कोणता रंग कोणत्या नळीत ठेवला हे माणूस विसरला, तर रोबो निमूटपणे चुकीचे चित्र काढतो. चित्राचा खरा उपयोग इथेच आहे. आकड्यांच्या तक्त्यात लपून राहणारी चूक चित्रात लगेच दिसते. फुलाची एक पाकळी गायब असेल तर कुठे बिघडले ते नवख्या विद्यार्थ्यालाही कळते. ही कला म्हणजे यंत्राची आणि ते चालवणाऱ्याची परीक्षाच आहे.

रंग कुठून येतात

काही जिवाणू मुळातच रंगीत असतात. सेराशिया मार्सेसेन्स लाल, क्रोमोबॅक्टेरियम जांभळा, मायक्रोकॉकस ल्युटियस पिवळा. पण रंग सुंदर म्हणजे जिवाणू निरुपद्रवी, असे समजू नये. लाल सेराशिया रुग्णालयातल्या अशक्त रुग्णांना संसर्ग करतो. माती-पाण्यात राहणारा जांभळा क्रोमोबॅक्टेरियम क्वचितच माणसाच्या वाट्याला जातो, पण गेला तर आजार गंभीर होतो.

रोबोच्या चित्रांत बहुधा दुसरीच युक्ती असते. एका जेलीफिशमध्ये हिरवे चमकणारे प्रथिन असते. ओसामु शिमोमुरा यांनी ते शोधले, मार्टिन चाल्फी यांनी 1994 मध्ये त्याचे जनुक ई. कोलायमध्ये चालवून दाखवले, तर रॉजर त्सिएन यांनी त्याचे अनेक रंग घडवले. तिघांना 2008 चे नोबेल मिळाले. अशी जनुके घातलेले, माणसाला आजारी न करणारे ई. कोलाय रोबोच्या नळ्यांत भरतात. अगारमध्ये कोळशाची बारीक पूड मिसळून थर काळा करतात. मग निळ्या किंवा अतिनील प्रकाशात चित्र दिवाळीच्या दिव्यांसारखे उजळते.

यात एक मेख आहे. ज्या जिवाणूंनी नवे जनुक घेतले तेवढेच टिकावेत म्हणून त्या जनुकाबरोबर बहुतेक वेळा प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुकही जोडलेले असते. अगारमध्ये ते प्रतिजैविक मिसळले की बाकीचे मरतात आणि हवे ते उरतात. म्हणजे त्या सुंदर मोरपिसाचा प्रत्येक ठिपका एखाद्या औषधाला न जुमानणारा असतो. म्हणूनच असे काम प्रयोगशाळेतच चालते. चित्र पाहून, फोटो काढून झाले की बशी ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सिअस वाफेत निर्जंतुक करूनच फेकतात.

ही हौस जुनी आहे

रोबो नवा असला तरी जिवाणूंची चित्रे नवी नाहीत. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात फावल्या वेळात बशीत चित्रे काढत. नर्तकी, सैनिक, घरे. प्रत्येक जिवाणूचा रंग आणि वाढायला लागणारा वेळ पाठ असल्याशिवाय असे चित्र साधत नाही. बशीत नेहमीपेक्षा वेगळे काही दिसले की नजर तिथे अडकायची सवय त्यांना होती. 1928 मध्ये बुरशी पडलेल्या बशीत बुरशीभोवतीचे जिवाणू नाहीसे झालेले दिसले. ती बशी त्यांनी फेकून दिली नाही आणि पुढचा इतिहास घडला.

आपल्या मुंबईतही अशीच एक देखणी वाढ पाहायला मिळाली होती. 1896 मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी तिथे लस तयार केली. मांसरसाच्या चंबूत त्यांनी वर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जिवाणू त्या थेंबांना धरून खाली वाढत गेले आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या कांड्यांसारखे दिसू लागले. ती लटकती वाढ हीच प्लेगच्या जिवाणूची ओळख ठरली. त्यातून केलेली लस हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आजही त्यांचे नाव चालवते.

2015 पासून अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायॉलॉजी ही संस्था अगारवरील चित्रांची स्पर्धा भरवते. बलराम खमारी यांनी सूक्ष्मजीवांनी रंगवलेला मोर याच स्पर्धेतला. तिथली बरीच चित्रे हातानेच काढलेली असतात. रोबोमुळे हातातली कला संपते असे नाही. छपाई आली म्हणून अंगणातली रांगोळी कुठे संपली?

औषधाची बशी: जिथे रिकामे, तिथे उत्तर

आता रुग्णाकडे वळू. समजा, एखाद्या बाईला लघवीची जळजळ आहे, ताप आहे आणि आधीची औषधे घेऊनही बरे वाटत नाही. तिच्या लघवीतला जिवाणू वेगळा करून तो पूर्ण बशीभर सारखा पसरतात. त्यावर कागदाच्या छोट्या चकत्या ठेवतात आणि प्रत्येक चकतीत एक वेगळे प्रतिजैविक असते. बशी रात्रभर उबेत राहते. सकाळी जिवाणूंची पांढुरकी साय पसरलेली दिसते, पण काही चकत्यांभोवती स्वच्छ गोल रिकामी जागा असते. तिथे औषधाने जिवाणूला वाढू दिले नाही. हा गोल मिलिमीटरमध्ये मोजून तक्त्याशी ताडतात. गोल पुरेसा मोठा असेल तर औषध उपयोगी. चकतीला खेटून जिवाणू वाढले असतील तर ते औषध या रुग्णाला देऊन काही फायदा नाही. 1966 मध्ये बाउअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत नीट बसवली. आजही जगभर ती वापरात आहे. रिपोर्टवर 'कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी' लिहिलेले असते ती हीच तपासणी.

चित्रकाराच्या बशीत जिवाणू वाढले की काम झाले. आमच्या बशीत मात्र जिथे काहीच वाढले नाही ती जागा मोलाची.

रोबोचे कसब इथेच कामी येते. तपासणीची आणखी अचूक पद्धत म्हणजे 8 ओळी आणि 12 रकाने, अशा 96 खळग्यांची ताटली. एका खळग्यात औषध जास्त, पुढच्यात त्याच्या निम्मे, पुढच्यात त्याच्याही निम्मे. ज्या सर्वांत कमी मात्रेला जिवाणू थांबतो, ती मात्रा कळते. प्रत्येक खळग्यात नेमका तेवढाच द्रव, न चुकता, न कंटाळता टाकणे हे मोराचे ठिपके ठेवण्यासारखेच काम आहे. 2020 मध्ये न्यूयॉर्कमध्ये कोरोनाच्या तपासण्यांसाठी ओपनट्रॉन्सचेच रोबो जुंपले होते. मोर काढणारा आणि नमुने तपासणारा हात एकच.

चित्रातून विज्ञान कसे पुढे जाते याचे एक ठळक उदाहरण आहे. 2011 मध्ये 'कंटेजन' या साथीच्या रोगावरील इंग्रजी चित्रपटाची जाहिरात म्हणून टोरोंटोमध्ये जिवाणू आणि बुरशी वाढवून मोठा फलक केला होता. त्यावरून रॉय किशोनी आणि मायकेल बेम या शास्त्रज्ञांना कल्पना सुचली. त्यांनी 2 फूट रुंद आणि 4 फूट लांब अशी अगारची महाकाय बशी केली. दोन्ही टोकांना औषध नाही, मग थोडे, मग दहापट, मग शंभरपट आणि मधोमध हजारपट. ई. कोलाय प्रत्येक पट्ट्याच्या कडेला येऊन थांबायचा. मग एखादा बदललेला जिवाणू पलीकडे घुसायचा आणि पंख्यासारखा पसरायचा. साधारण 11 दिवसांत ते हजारपट औषधाच्या पट्ट्यात वाढू लागले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेले हे चित्रीकरण पाहिले की अर्धवट घेतलेल्या गोळ्या काय करतात ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पहिला थोड्या औषधाचा पट्टा हीच त्यांची पहिली पायरी होती.

आपल्याकडे हे का महत्त्वाचे

गडचिरोली जिल्ह्याने प्रतिजैविकांची ताकद जगाला दाखवली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून त्यांनी प्रतिजैविकेही दिली. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झाले. तिथे बशीची वाट पाहायला वेळ नव्हता. लक्षणे पाहून दिलेले औषध लागू पडले आणि जीव वाचले. उद्याच्या बाळालाही तेच औषध लागू पडावे, ही आपली गरज आहे. 2019 मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट 12 लाख 70 हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

तालुक्याच्या ठिकाणी कल्चरची सोय सहसा नसते. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. पण यंत्रे छोटी झाली की लांबच्या गावापर्यंत पोहोचतात, हे आपण क्षयरोगात पाहिले आहे. गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र थुंकीतला क्षयरोग आणि रिफाम्पिसिन या औषधाला होणारा विरोध काही तासांत सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये त्याला मान्यता दिली. द्रव मोजून टाकणारे रोबो आज महाग आहेत आणि त्यांना एकसारखी वीज, स्वच्छ खोली आणि शिकलेला माणूस लागतो. पण चित्र काढता काढता यंत्र हाताळायला शिकणारी मुले-मुली उद्या अशा प्रयोगशाळा चालवतील. त्यात चामोर्शीची का नसावीत?

एक गोष्ट मात्र कोणताही रोबो करू शकत नाही: योग्य वेळी घेतलेला नमुना. रुग्णाने आधीच दोन दिवस गोळ्या घेतल्या असतील तर बशीत जिवाणू उगवतच नाहीत, जरी शरीरात ते शिल्लक असले तरी. मग अहवाल 'काही वाढले नाही' असा येतो आणि डॉक्टर पुन्हा अंदाजावर येतो. रोवणीच्या दिवसांत पायाच्या चिघळलेल्या जखमा, शुगरच्या रुग्णांचे पायाचे व्रण आणि पुन्हा पुन्हा होणारा लघवीचा संसर्ग घेऊन लोक येतात. पैकी अनेकांच्या खिशात दुकानातून आणलेले, निम्मे संपलेले गोळ्यांचे पाकीट असते.

तेव्हा एवढे लक्षात ठेवा. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते, त्यावर प्रतिजैविक चालत नाही. डॉक्टरांनी कल्चर सांगितले तर पहिल्या गोळीच्या आधी नमुना द्या. लघवीचा असेल तर सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्या आणि डबी लवकर पोहोचवा. आधी कोणती गोळी घेतली असेल तर ती लपवू नका, पाकीट सोबत आणा. गोळ्या किती दिवस घ्यायच्या आणि कधी थांबायच्या, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मात्र खूप ताप, धाप, गुंगी किंवा दूध न ओढणारे बाळ असेल तर अहवालाची वाट पाहत घरी थांबू नका. अशा वेळी डॉक्टर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात आणि अहवाल आल्यावर गरज असेल तर बदलतात.

आणि हौशी विद्यार्थ्यांसाठी: घरी चायना ग्रासवर जिवाणू वाढवू नका. उघड्यावर काय उगवेल ते आपल्या हातात नसते. आवड असेल तर महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. घरी सराव करायचाच असेल तर चौकटीचा कागद घ्या, त्यावर रांगोळी काढा आणि प्रत्येक ठिपक्याचे अंतर आकड्यांत लिहून काढा. रोबोला लागणारी सूचनांची यादी तीच असते. ती बिनचूक लिहिणारा विद्यार्थी पुढे 96 खळग्यांची ताटलीही बिनचूक भरून घेईल.